वाकळीचा हिशेब

गेल्या आषाढात अंगणातल्या शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजव्या पायाची नडगी मोडली. सहा आठवडे प्लास्टर आणि त्यानंतर महिनाभर कुबड्या, असा निकाल डॉक्टरांनी दिला. सोप्यातल्या खिडकीपाशी खाट टाकली गेली आणि मी तिथली कायमची रहिवासी झाले. पहिले चार दिवस मोबाईल पाहण्यात गेले. पाचव्या दिवशी त्याचाही कंटाळा आला. तेव्हा आजीने जुन्या लुगड्यांचे बोचके माझ्यापुढे आणून टाकले आणि म्हणाली, "पाय मोडलाय, हात तर धड हाईत नव्हं? घे सुई."

त्या दोन-अडीच महिन्यांत मी अर्धी वाकळ शिवली, बाबांसाठी एक मफलर तीनदा उसवून चौथ्यांदा विणला आणि बरीच पुस्तके वाचली. प्लास्टरच्या आत खाज सुटली की विणायची सुई आत घालायचा मोह होई. तसे करू नका, आत जखम होते, असे डॉक्टरांनी बजावले होते म्हणून निभावले.

भेटायला येणाऱ्यांची एक गंमत सांगते. हातात सुई दिसली की पाहुणे म्हणत, "बरं झालं, या निमित्ताने घरकामाचं वळण लागतंय." हातात पुस्तक दिसले की तेच पाहुणे म्हणत, "एवढं वाचू नये गं, डोळे बिघडतील." डोळे दोन्ही कामांना तेच लागतात! पण यावर कोणाशी वाद घातला नाही. आजारी माणसाने वाद घालू नये, असा आमच्या घरचा नियम आहे.

आजीला मोतीबिंदूमुळे आता सुई ओवता येत नाही. पण टाका मात्र ती बोटांच्या अंदाजाने घालते, आणि तो माझ्या टाक्यापेक्षा सरळ येतो. म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. मी दहा-बारा सुया ओवून ठेवायच्या आणि मोठ्याने वाचायचे, तिने शिवायचे. अशा रीतीने लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आम्ही दोघींनी मिळून संपवली. लक्ष्मीबाई लग्नानंतर वाचायला शिकल्या, हे ऐकून आजीची सुई थांबली. "मला कुणी शिकवलं नाही बघ," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा शिवू लागली.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे वाकळी शिवायला एक अक्का येतात. त्यांची बोली कन्नड. त्या वाकळीला कौदी म्हणतात. मी मराठी शाळेत शिकलेली असले तरी गल्लीत कन्नड बोलतच वाढले, त्यामुळे आमचे चांगले जमते. आईने पावसाळ्यापूर्वी त्यांना एका वाकळीचे काम सांगितले होते. त्यांनी 800 रुपये मागितले, आईने 500 पासून सुरुवात केली आणि 650 वर सौदा तुटला. तेव्हा मी तिथेच उभी होते आणि आईच्या हुशारीचे मला कौतुकच वाटले होते.

अक्का माझ्या खाटेजवळ बसून शिवू लागल्या. खाली नऊवारी अंथरायची, वर जुनी धोतरे-सदरे सपाट लावायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, कडा दुमडून लांब टाक्यांनी सगळे टाचून घ्यायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचे. मी घाईने दोरा ओढला की कापड गोळा होई. मग त्या हसून म्हणत, "सावकाश माड, तंगी." सावकाश हा शब्द आपला की त्यांचा, कोण जाणे. दोन्हीकडे तो चालतो.

एके दिवशी पडल्या पडल्या मी वहीत हिशेब मांडला. वाकळ सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद. टाक्यांच्या ओळींत पाऊण इंचाचे अंतर. म्हणजे सहा फुटी अशा 72 ओळी होतात. एका इंचात चार टाके धरले तर एका वाकळीत वीस हजारांहून अधिक टाके! सहा फुटांची ओळ घालायला मला पाऊण तास लागे. अक्का ती पाव तासात घालतात. तरीही 72 ओळींचे 18 तास झाले, आणि कापड लावणे-टाचणे यांचे आणखी चार तास. 650 भागिले 22. तासाला तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. दोरा त्यांचा, तो वेगळाच.

कॉस्ट अकौंटिंगच्या तासाला आपण मालाची किंमत, मजुरी आणि वरखर्च यांची बेरीज करायला शिकतो. परीक्षेत मजुरीचा आकडा विसरला तर मार्क जातात. दारात मात्र तोच आकडा विसरलो तर आपण व्यवहारी ठरतो.

यावर माझ्याच वर्गातला कोणी म्हणेल की किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते. पानिपतच्या गिरण्यांतली स्वस्त ब्लँकेटे बाजारात आहेत. अक्कांनी दर वाढवला तर लोक तिकडे वळतील. हे खरे आहे, आणि अक्कांनाही ते माझ्याहून अधिक कळते. म्हणूनच त्या 650 ला तयार झाल्या. पण त्या तयार झाल्या म्हणजे दर योग्य ठरला, असे होत नाही. ज्याला काम हवे आहे तो कमी पैशाला तयार होतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. आपल्या शेजारच्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका वाकळीच्या चार कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात. त्यांच्या वाकळी अमेरिकेतल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या आहेत. प्रदर्शनात गेली की ती कला होते आणि आपल्या सोप्यात आली की घासाघीस सुरू होते. टाका तर तोच असतो.

हा हिशेब मी मोठ्या ऐटीत आईला वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरोबर आहे तुझं. आता दोन महिने तुझं अंथरूण, आंघोळ, पथ्यपाणी मी करते आहे, त्याचा आकडा कुठल्या रकान्यात घातलास?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने 1920 साली दाखवलेली गंमत आपण पाठ करतो: गृहस्थाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले की काम तेवढेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे 299 मिनिटे आणि पुरुषांचे 97 मिनिटे बिनपगारी घरकामात जातात, असे आढळले. हे आकडे मी परीक्षेसाठी वाचले होते. ते आमच्याच स्वयंपाकघरातले आहेत, हे खाटेवर पडेपर्यंत लक्षात आले नव्हते.

वाकळ पुरी झाली तेव्हा आईने आपण होऊन अक्कांना 800 रुपये दिले. अक्कांनी ते दोनदा मोजले आणि विचारले, "पुढच्या वर्षीही मलाच बोलावणार ना?" त्यांना आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटलेली दिसली. त्यांचा तो प्रश्न मला अजून आठवतो. 150 रुपयांनी काही मोठा न्याय झाला, असे मी म्हणत नाही. घरात मात्र एक बदल झाला आहे. मी चालू लागल्यापासून सकाळची भांडी माझी आणि रात्रीची धाकट्या भावाची. तो कुरकुरतो, पण घासतो.

कॉमर्सच्या मित्रमैत्रिणींना माझी एवढीच सूचना आहे. दरवर्षी प्रकल्पासाठी आपण कुठल्या तरी कारखान्याचा ताळेबंद उतरवून काढतो. यंदा एकाने तरी घरात हाताने केलेली एक वस्तू घ्यावी, मग ती वाकळ असो, लोणच्याची बरणी असो की स्वेटर, आणि ती करणाऱ्याशेजारी बसून तिची खरी किंमत मांडावी. मराठी विभागाने आणि कन्नड विभागाने हे मिळून करावे. वाकळ म्हणा की कौदी म्हणा, बेरीज एकच येईल. फक्त मजुरीचा रकाना कोरा सोडू नका.