शिकाऊ वैमानिकाच्या माथी किती खापर?

९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामतीच्या विमानतळावर उतरताना एका शिकाऊ विमानाचे पुढचे चाक निखळले. वैमानिक सुखरूप राहिला ही समाधानाची गोष्ट. पण तेवढ्यावर प्रकरण मिटवून चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच परिसरात चार दिवसांच्या आत दोन शिकाऊ विमाने कोसळली होती व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवावे लागले होते.

विमान उतरविणे हा या शिक्षणातील अत्यंत अवघड धडा. मुख्य चाके आधी टेकावीत, पुढचे नाजूक चाक मागाहून अलगद. वेग थोडा अधिक राहिला की विमान उसळी घेते. धास्तावलेला विद्यार्थी नाक खाली दाबतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या आपटीस पुढचा पाय मोडतो. वास्तविक अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावे आणि एक फेरी मारून नव्याने उतरावे, हे पहिल्या दिवसापासून शिकविले जाते. पण व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण हवे आणि प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. बापाने जमीन गहाण ठेवून धाडलेल्या मुलाला ती एक फेरीदेखील महाग वाटली, तर दोष केवळ त्याच्या हातांचा कसा?

आमच्या शहराला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे. २६ एप्रिल १९९३ रोजी चिकलठाण्याहून उडालेले विमान बीड रस्त्यावरील मालमोटारीला धडकले व ५५ जण प्राणास मुकले. चौकशीत वैमानिकांची चूक निष्पन्न झाली; परंतु विमानांच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक न रोखणाऱ्या यंत्रणेलाही दोष देण्यात आला. शिकाऊ विमानांच्या बाबतीत मात्र ‘विद्यार्थ्याची चूक’ म्हटले की लोकांचे कुतूहल संपते.

महासंचालनालयाने २०२५ मध्ये प्रशिक्षण संस्थांची पहिली श्रेणीवारी जाहीर केली, तीत वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. विद्यार्थ्यास एकट्याने उड्डाणास कोणी व कशाच्या आधारे सोडले, त्या विमानाची चाके शेवटची केव्हा तपासली गेली, शिक्षकाने त्या दिवशी किती तास काम केले होते, हे प्रत्येक संस्थेने आपल्या अपघातांबाबत प्रवेश घेऊ पाहणाऱ्या पालकांसमोर लेखी ठेवावे, असे बंधन महासंचालनालयाने आता घातलेच पाहिजे.