मोरचुदाची परीक्षा विळ्याच्या पात्यावर

मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, आपल्या मुलांना शाळेत विस्थापन अभिक्रियेच्या धड्यात भेटतो आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यात. या दोन्ही ठिकाणी घडणारे रसायनशास्त्र एकच आहे, हे मात्र ना वर्गात सांगितले जाते, ना बांधावर. माझी तक्रार आहे ती याचीच.

बोर्डो तयार झाले की जाणता बागायतदार लगेच पंप भरत नाही. घासून लख्ख केलेला विळा मिश्रणात मिनिटभर बुडवतो आणि वर काढून उजेडात धरतो. पाते जसेच्या तसे निघाले तर फवारणीला हरकत नाही. त्यावर तांबूस थर दिसला, तर चुन्याचे द्रावण आणखी ओततो, ढवळतो, पाते घासून पुन्हा बुडवतो.

तो तांबूस थर म्हणजे शुद्ध तांबे. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील. त्याचे अणू इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतात आणि तेच इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचे आयन पात्यावर धातू होऊन बसतात. विळ्याऐवजी चांदीचे नाणे बुडवले तर काहीच होणार नाही, कारण क्रियाशीलतेत चांदी तांब्याच्या खाली आहे.

आता चुन्याचे काम पाहा. मोरचुदाचे पाणी आम्लधर्मी असते आणि त्यातले मोकळे तांबे बुरशीइतकेच कोवळ्या पानालाही जाळते. चुना मिसळला की तांबे न विरघळणाऱ्या रूपात बांधले जाते, पानावर चिकटून राहते आणि केवडा या बुरशीसारख्या रोगाला रोखते. बांधलेले तांबे पात्यावर चढत नाही, मोकळे असले तरच चढते. म्हणून विळा लाल झाला की समजायचे, पाने करपणार.

एक टक्का बोर्डोचे प्रमाण सर्वांना पाठ असते: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. पण हा पाठ अपुरा आहे. उघड्या पोत्यात पडून राहिलेला चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून निकामी होत जातो. वजन किलोभर भरते, ताकद तेवढी उरत नाही. अशा वेळी वजनकाटा फसवतो, विळा फसवत नाही. मोरचूद लोखंडी पिंपात किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत का भिजवायचा नाही, याचे उत्तरही इथेच आहे. धातू झिजतो आणि फवारणीसाठी विकत घेतलेले तांबे भांड्यालाच चिकटून बसते. ज्याला कारण कळले, त्याला प्लास्टिकचे पिंप वापरा म्हणून दरवर्षी बजावावे लागत नाही.

या मिश्रणाचा जन्मही असाच डोळसपणातून झाला. 1882 मध्ये फ्रान्समधल्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. केवड्याने बाग झडली तरी त्या वेलींची पाने टिकली, हे बोर्डो विद्यापीठातल्या प्राध्यापक मियार्दे यांच्या नजरेस आले. 1885 मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज कोकणातला सुपारी बागायतदारही कोळे रोगासाठी हेच मिश्रण मारतो.

आणि आपल्या कितीतरी वर्गांत ही अभिक्रिया फळ्यावर समीकरण लिहून संपते! मूठभर मोरचूद, चार खिळे आणि दोन काचेचे ग्लास, एवढाच तर खर्च आहे. खिळा तांबूस होताना आणि निळे पाणी फिकट हिरवे पडताना ज्या मुलीने पाहिले, ती बागेत वडिलांना विळा बुडवायला सांगेल, आणि का, तेही सांगेल.

विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात एका ग्लासात नुसते मोरचुदाचे पाणी आणि दुसऱ्यात चुना मिसळलेले, असा प्रयोग मुलांसमोर कराच. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हात धुऊन घ्या. उरलेले निळे पाणी ओढ्यात ओतू नका, विरघळलेले तांबे माशांना मारते. त्यात जुने खिळे टाकून ठेवा. निळा रंग पुरता गेला की तळाशी बसलेले तांबे गाळून काढता येते.