सभेत उभे राहताना

आमच्या शहाडच्या घरी गेल्या महिन्यात एक लहानसा प्रसंग घडला. तो लहान असला तरी आमच्या मनातून जाईना, म्हणून या वेळचे चार शब्द त्याच विषयावर लिहीत आहो.

आमच्या धाकट्या सूनबाई एका सहकारी पतपेढीत नोकरीस आहेत. थकलेल्या कर्जांविषयी संचालक मंडळींपुढे उभे राहून त्यांना निवेदन करावयाचे होते. हल्ली यास ‘प्रेझेंटेशन’ म्हणतात. पडद्यावर एकामागून एक पाने उमटतात आणि त्यांच्या आधाराने वक्त्याने विषय मांडावयाचा असतो. आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांनी घरच्या मंडळींपुढे तालीम आरंभिली. दुसरे वाक्य पुरे होण्यापूर्वीच आम्ही त्यांच्या ‘विश्लेषण’ या शब्दातील मूर्धन्य ‘ष’ सुधारला. चवथ्या वाक्यास आमच्या वडील बंधूंनी शंका काढली. पोरे हसली. सूनबाईंनी यंत्र मिटले आणि “राहू द्या, बाबा. मी आपली पडद्यावरचे वाचून दाखवीन,” एवढे बोलून त्या आत गेल्या.

पाणिनीय शिक्षा या ग्रंथात अधम पाठकाची सहा लक्षणे दिली आहेत. गात सुटणारा, घाईने म्हणणारा, मान हालविणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि ज्याचा आवाज पोचत नाही असा, हे ते सहा. ग्रंथ वेदपठणासंबंधी आहे. तथापि आजच्या सभेतील वक्त्यासही तो तंतोतंत लागू पडतो. त्यातला चवथा, म्हणजे ‘लिखितपाठक’, हल्ली फार बोकाळला आहे. पडद्यावरील अक्षरे श्रोता आपल्या डोळ्यांनी वक्त्याच्या आधीच वाचून मोकळा होतो. तीच अक्षरे वक्ता पाठ फिरवून पुन्हा वाचू लागला, तर श्रोत्याने ऐकावे तरी कशासाठी? पडद्यावर आकडा असावा, आकृती असावी. त्यांचा अर्थ मात्र वक्त्याच्या मुखातूनच यावा.

हा अर्थ कसा बांधावा, हे शिकण्यास दूर जावयास नको. नारदीय कीर्तन ज्यांनी ऐकले आहे, त्यांस त्याची घडण ठाऊक आहे. आरंभी नमन, मग निरूपणासाठी घेतलेले एक मूळपद, पूर्वरंगात त्याचे विवरण, मध्ये नामाचा गजर, उत्तररंगात त्याच तत्त्वास धरून एखादे आख्यान आणि शेवटी पुन्हा तेच मूळपद व प्रार्थना. बुवा कितीही दूर गेले तरी मूळपदावर परत येतात, म्हणून ओसरीच्या कोपऱ्यातली म्हातारीही घरी जाताना एक गोष्ट पदरात बांधून नेते. गजराचाही उपयोग आहे. श्रोत्यांचे थकलेले चित्त तेथे विसावते. सभेत टाळ वाजविता येत नाहीत. पण दोन मुद्द्यांच्या मध्ये क्षणभर थांबता येते. नवशिका वक्ता या थांबण्यासच सर्वांत अधिक भितो.

आकडे पुष्कळ असले म्हणजे मूळपद सापडत नाही, असे कोणी म्हणेल. सन १९०२ च्या मार्च महिन्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर आपले पहिले भाषण केले. त्यात आकड्यांस तोटा नव्हता; परंतु सर्व आकडे एकाच सूत्रात ओवलेले होते. वर्षानुवर्षे सरकारी तिजोरीत शिल्लक पडते ती प्रजेच्या सुबत्तेची खूण नव्हे, म्हणून करांचा भार हलका करा, हे ते सूत्र. त्या करांत मिठावरचा कर मुख्य होता. पुढील वर्षी, १९०३ मध्ये, तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखल्यांची ख्याती हातवाऱ्यांची नव्हती, तयारीची होती. आणि त्या तयारीत सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या अर्थशास्त्राच्या व्यासंगी गृहस्थांचे साहाय्य ते घेत. थोर वक्त्यासही आधी कोणीतरी ऐकून घेणारा लागतो, हे येथे ध्यानात धरावे.

त्याच शिक्षाग्रंथात उत्तम पाठकाचे सहा गुणही सांगितले आहेत: माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची योग्य तोड, सुस्वर, धैर्य आणि लय. यांपैकी पाच गुण वक्त्याने अभ्यासाने मिळवावे. धैर्य मात्र बरेचसे श्रोत्यांच्या हाती असते, असे आम्हांस आता वाटू लागले आहे, आणि ते सांगताना आम्हांस आमचाच एक दोष कबूल करणे प्राप्त आहे. शाळेत असताना एका हुशार विद्यार्थ्यास आम्ही वक्तृत्वस्पर्धेसाठी तयार केले. आदल्या दिवशीच्या तालमीत ‘श’ आणि ‘ष’ यांपायी त्यास तीन वेळा मध्येच थांबविले. स्पर्धेत तो पहिल्या ‘ष’पाशी अडखळला, आमच्याकडे पाहिले आणि पुढचे सर्व विसरला. त्यानंतर तो शाळेत कधीही व्यासपीठावर चढला नाही. उच्चार शुद्ध करण्याच्या नादात आम्ही वाणीच बंद पाडली.

एकत्र कुटुंबात हा धोका अधिक. ऐकणारी माणसे दहा, आणि प्रत्येकास सुधारण्याचा अधिकार! म्हणून घरच्या तालमीस आम्ही तीन नियम सुचवितो. बोलणाऱ्याचे शेवटचे वाक्य संपेपर्यंत कोणी तोंड उघडू नये. मग आपणास काय समजले ते प्रत्येकाने प्रथम सांगावे. दोष त्यानंतर दाखवावे, आणि तेही दोनांहून अधिक नकोत. बोलणाऱ्याने आरंभीची व शेवटची दोन वाक्ये तेवढी मुखोद्गत करावी, मधले मुद्दे ध्यानात ठेवून आपल्या भाषेत सांगावे, एकेक वाक्य एकेका चेहऱ्याकडे पाहून बोलावे आणि दिलेल्या वेळेच्या थोडे आधीच थांबावे.

त्या रात्री आमच्या मंडळींनी आमची चांगलीच कानउघाडणी केली. तासाभराने आम्ही सूनबाईंच्या दाराशी गेलो आणि विचारले, “सगळे आकडे बाजूस ठेवून संचालकांना एकच गोष्ट सांगावयाची झाली, तर ती कोणती?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “पहिला हप्ता चुकला की तीन-तीन महिने कुणी चौकशीच करत नाही, बाबा. सगळी थकबाकी तिथूनच सुरू होते.” मूळपद सापडले. बावीस पानांची नऊ पाने झाली. दुसऱ्या तालमीस सर्वजण मुकाट्याने बसलो. ‘विश्लेषण’ हा शब्द पाच वेळा आला आणि पाचही वेळा तसाच आला. आम्ही जीभ दाताखाली धरली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी सूनबाई परतल्या, तेव्हा कसे झाले ते विचारण्याचा आम्हांस धीर होईना. त्यांनी आपणहून सांगितले, “बाबा, एका संचालकांनी मधेच प्रश्न विचारला. मी घाबरले नाही. उत्तर देऊन पुन्हा आपल्या मुद्द्यावर आले.”

‘ष’ पुढे केव्हातरी सुधारता येईल.