मोठ्या शिरेतील नळी

मुरूड, श्रीवर्धन वा अलिबागच्या बाजारपेठेतील एखाद्या घरात बालकास रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले, की त्या घराची वाट परळकडे वळते. टाटा स्मारक रुग्णालय वा बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय, अथवा याच जिल्ह्यातील खारघरचे ॲक्ट्रेक. तेथे पहिल्या काही दिवसांतच ‘सेंट्रल लाइन’च्या संमतीपत्रावर सही मागितली जाते. साध्या भाडेकराराचे प्रत्येक कलम दोनदा वाचणारा व्यापारीही येथे मुकाट्याने सही करतो.

कर्करोगाच्या तीव्र औषधांनी हातावरील बारीक शिरा जळतात. म्हणून मानेतील वा दंडातील शिरेतून नळी सरकवून तिचे टोक हृदयाच्या तोंडाशी ठेवतात, जेथे रक्ताच्या मोठ्या प्रवाहात औषध तत्काळ विरळ होते. वाडिया रुग्णालय स्थापन झाले त्याच वर्षी, १९२९ मध्ये, जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने वरिष्ठांची मनाई डावलून स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी नेली होती. नोबेल मिळायला १९५६ साल उजाडले.

तान्ह्या बाळाची मानेतील शीर अवघी काही मिलिमीटर रुंद, आणि तिला लागूनच मेंदूकडे जाणारी धमनी. पूर्वी बोटांनी खुणा चाचपून सुई घालीत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर हलका दाब देताच शीर मिटते. धमनी मिटत नाही, तिचे ठोके दिसतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २००२ मध्येच मुलांसाठीही ही पद्धत सुचविली. तेव्हा सोनोग्राफीत पाहून नळी घालणार का, टोक योग्य जागी असल्याचे एक्स-रेवर तपासले का, हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. नळीची गरज संपली का, हेही अधूनमधून विचारावे.

खरी जोखीम मात्र बालक नळीसह घरी परतल्यावर सुरू होते. १००.४ अंश फॅरनहाइट ताप, किंवा नळीतून औषध सोडल्यावर भरलेली हुडहुडी, हे जंतू थेट रक्तात शिरल्याचे लक्षण असू शकते. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे अशा वेळी जिवावर बेतते. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, रो-रोचाही खराब हवेत भरवसा नाही. मध्यरात्री वडखळ-पेणमार्गे जाणारी गाडी आधीच ठरलेली हवी. प्रतिजैविकाचा पहिला डोस जवळपास कोठे मिळेल, कोणते औषध द्यावे आणि कोणत्या क्रमांकावर फोन करावा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, तेही रुग्णालयातून निघण्यापूर्वीच. नळी तुटल्यास शरीराकडील बाजूस लावायचा चिमटा त्याच पिशवीत असावा.