जुन्या गाडीच्या नळ्या आणि नवे पेट्रोल

उन्हाळा चढू लागला की खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. बॉनेटमधून वाफ येत असते, एक जण बाटलीने पाणी ओतत असतो आणि बाकीची मंडळी झाडाखाली बसलेली असतात. यातल्या बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. बिघाडही बहुतेक वेळा साधा असतो. रेडिएटरच्या रबरी होजला तडा गेलेला असतो आणि पाणी रस्त्यावर सांडलेले असते.

अलीकडे मात्र जुनी गाडी काही कारणाने बंद पडली की गॅरेजपासून पंचायत समितीच्या आवारापर्यंत एकच निदान ऐकू येते, "इथेनॉलनं खाल्ली गाडी." उसाच्या पट्ट्यात हे ऐकताना थोडी गंमत वाटते, कारण ज्याच्या उसावर कारखान्याची डिस्टिलरी चालते तोच शेतकरी त्या मिश्रणाला शिव्या देत असतो. तक्रार सगळीच खोटी नाही, पण सगळीच खरीही नाही. कोणती नळी कशाने जाते हे नीट समजून घेतले नाही, तर पैसे भलत्या ठिकाणी खर्च होतात आणि खरा धोका तसाच राहतो.

आधी धोरणाचे पाहू. २०१३-१४ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल जेमतेम दीड टक्का मिसळले जात होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. वीस टक्के मिश्रण सोसेल अशा रबराच्या आणि प्लॅस्टिकच्या भागांच्या गाड्या मात्र एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. त्याआधीच्या गाड्यांचे काय, हा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर गाजला, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला. काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटर चालल्यावर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये ते काम होऊन जाईल, असा त्याचा आशय होता. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या मिश्रणाविरुद्धची याचिकाही फेटाळली. वादावर त्याने पडदा पडला, पण जुन्या गाडीवाल्याच्या पदरात मंत्रालयाचे ते एक वाक्यच उरले. 'काही भाग' म्हणजे नेमके कोणते, हे त्याला कोण सांगणार?

आता बॉनेट उघडू. आत रबरी नळ्या अनेक असतात, पण आपल्या कामाच्या दोन जाती. एक पाण्याची. रेडिएटरचा वरचा होज, खालचा होज आणि हीटरच्या दोन बारीक नळ्या. यातून पाणी किंवा कूलंट फिरते, पेट्रोल फिरत नाही. तेव्हा हे होज फाटले तर इथेनॉलचा त्यात काडीचा संबंध नाही. ते जातात उष्णतेने, वयाने आणि गळणाऱ्या ऑइलने. ऑइल लागलेले रबर फुगते, मऊ पडते. शिवाय हा होज पुष्कळदा आतून कुजतो. वरून काळाभोर दिसतो, पण आतल्या बाजूने क्लिपजवळ बारीक चिरा गेलेल्या असतात. आपल्याकडे आणखी एक सवय आहे. कूलंट संपले की बोअरचे पाणी ओतायचे. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, इंजिन जास्त तापते आणि होजवरचा ताण वाढतो. डिझेलवाल्यांना तर इथेनॉलचे नाव घ्यायचेही कारण नाही. जुनी कमांडर, सुमो, बोलेरो तापत असेल तर होज, पट्टा, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर बघा.

दुसरी जात पेट्रोलच्या नळ्यांची. टाकीपासून इंजिनापर्यंत बहुतेक अंतर लोखंडी पाइप असतो, पण जोडाच्या ठिकाणी रबर येते. इथेनॉलची तक्रार खरी ठरते ती इथे. जुन्या धाटणीचे रबर इथेनॉलने फुगते, मग कडक होते आणि वाकलेल्या जागी चिरते. पाण्याचा होज फुटला तर गाडी थांबते. पेट्रोलची नळी पाझरली आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असला, तर गाडी पेटू शकते. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चे उत्पादनही कधीच थांबले, पण त्या मॉडेलच्या गाड्या आजही खेड्यापाड्यांत धावतात. इंजेक्शनच्या गाडीत तर नळीत दाब कितीतरी जास्त असतो. तिथे कार्ब्युरेटरची साधी नळी कापून बसवणे म्हणजे संकटाला आवतण. दुकानदाराकडे इंजेक्शनची, इथेनॉलला चालणारी नळी असे स्पष्ट सांगून मागावी. नळीवर छापलेले वाचावे, काहीच छापलेले नसेल तर घेऊ नये. पेट्रोलचा वास येत असेल तर 'जुनी गाडी आहे, येणारच' म्हणून सोडून देऊ नये. लग्नसराईपुरतीच बाहेर निघणारी गाडी असेल तर जास्त जपावे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल चांगले राहत नाही.

जुनी गाडी घेणारा आपला माणूस टायर बघतो, आरसी बुक बघतो, एक चक्कर मारतो आणि बयाणा देतो. विकणाऱ्याने बॉनेटखाली पॉलिश मारून सगळे रबर चकचकीत केलेले असते, त्यात चिरा बुजून जातात. म्हणून सकाळी, इंजिन गार असताना जावे. होज बोटांनी दाबावा, विशेषतः दोन्ही टोकांना क्लिपजवळ. दाबल्यावर आत करकर वाजले, दगडासारखा कडक लागला किंवा लोण्यासारखा मऊ पडला, तर तो गेला असे समजावे. जोडाभोवती पांढरट-हिरवट खपली दिसली तर पाणी पाझरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर मात्र होजचा विषय संपला. पाणी ऑइलमध्ये गेले आहे, ती गाडी सोडून द्यावी. काही शे रुपयांचा होज टाळला आणि हेड गॅस्केट उडाले, तर काम हजारांत जाते. हेड वाकले तर जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा एकट्या मिस्त्रीकडेच जातो.

वाटेत फुटलाच तर काटा लालवर जाऊनही "दोन मैलांवर गाव आहे, जाऊ तसंच" असे कधीही करू नये. इंजिनाचे सगळ्यात जास्त नुकसान त्या दोन मैलांत होते. गाडी बंद करून अर्धा-पाऊण तास गार होऊ द्यावी. तोवर रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळते पाणी तोंडावर उडून भाजते. चिर अगदी टोकाला असेल आणि होजला लांबी असेल, तर तेवढा तुकडा कापून पुन्हा बसवता येतो. मधे असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कोरड्या होजवर घट्ट गुंडाळावी, पाणी भरावे आणि सावकाश गॅरेज गाठावे. या पट्टीवर महिनाभर फिरणारे महाभाग आहेत, त्यांचे अनुकरण नको.

आता सरकारकडे वळू. पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपवण्यात आली. खासगी मोटारीला मुभा आहे, पण तिचे पुनर्नोंदणी शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाडीला दहा हजार. म्हणजे जुन्या गाडीवाल्याकडून पैसे घेण्याचा मार्ग नीट आखला गेला. त्याच गाडीतली कोणती रबरे नव्या पेट्रोलला टिकत नाहीत हे सांगण्याचा मार्ग मात्र आखलेला दिसत नाही. पंपावर साध्या पेट्रोलमध्ये वेगळी निवड उरलेली नाही. अशा वेळी कंपन्यांनी मॉडेल आणि सालानुसार बदलायच्या भागांची यादी मराठीत द्यावी, तेल कंपन्यांनी ती पंपावर लावावी आणि गाडीच्या पुनर्नोंदणीच्या वेळी तिची प्रत मालकाच्या हाती पडावी, ही मागणी अवास्तव नाही. ग्रामसभेत असा ठराव करून तो तहसीलदारांमार्फत वर पाठवता येतो. त्याला एक कागद लागतो.

तोवर मिस्त्रीला नळी बदलायला सांगाल, तेव्हा क्लिपाही नव्या घ्या. गंजलेली जुनी क्लिप आवळताना नव्या होजलाच कापते, आणि मग "माल डुप्लिकेट निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण होते.