कलावंताची खोली कोणासाठीं?

यंदा उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर, वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षांतील विद्यार्थ्यांनीं काढलेल्या नकाशांचें एक प्रदर्शन नाशिक येथें पाहण्याचा योग आम्हांस आला. आम्ही त्या शास्त्राचे जाणकार नव्हों. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेल्यामुळें विटा आणि चुना यांच्याशीं आमचा परिचय स्वतःचें घर बांधतांना गवंड्याशीं झालेल्या वादापुरताच आहे. तथापि एका नकाशापुढें आमचे पाय थांबले. त्यावर ‘सुरगाणा’ हें नांव होतें आणि विषय होता ‘कलावंतांसाठीं स्टुडिओ’. सुरगाणा म्हणजे १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालेलें एक चिमुकलें संस्थान, आणि आज नाशिक जिल्ह्याचा गुजरातच्या सीमेला भिडलेला, कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या वस्तीचा तालुका. तेथें कलावंतांसाठीं कोणी कांहीं बांधूं पाहतो ही वार्ता आनंदाचीच. तो आनंद नकाशा वाचून होईपर्यंत टिकला.

रेखाटन मात्र अप्रतिम होतें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. टेकडीच्या उतरणीवर बारा स्टुडिओ. प्रत्येकाच्या उत्तरेस छपरापर्यंत भिडलेली कांच. आंत पांढराशुभ्र गिलावा. प्रत्येकास स्वतंत्र दार आणि त्या दारास आंतून कडी. मध्यभागीं एक उथळ तळें, त्यांत आकाशाचें प्रतिबिंब पडावें म्हणून. बाहेरच्या भिंतींवर वारली वळणाच्या आकृती. शेजारीं उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, “येथें काम कोण करणार?” तो नम्रपणें म्हणाला, “सर, मुंबई-पुण्याकडचे कलावंत दोन-दोन महिने येऊन राहतील.” “आणि सुरगाण्याचे?” त्यानें फाटकाजवळच्या एका चौकोनावर बोट ठेविलें. “त्यांच्यासाठीं विक्रीचें दालन आहे, सर.”

त्या मुलावर आम्ही रागावलों नाहीं. ज्यांनीं त्यास हा विषय नेमून दिला आणि ज्यांनीं नकाशापुढें उभे राहून माना डोलविल्या, त्यांनीं ‘कलावंत’ या शब्दाचा अर्थ आधींच ठरवून टाकला होता. कलावंत म्हणजे शहरांतून येणारा, एकटा बसणारा, दार लावून घेणारा आणि चित्राच्या कोपऱ्यांत सही करणारा मनुष्य. एवढें गृहीत धरलें कीं बारा खोल्या, बारा दारें आणि बारा कड्या आपोआप कागदावर उतरतात. सुताराचें दुकान बांधावयाचें झालें तर फळी किती लांब असते, भुसा कोठें पडतो, हें आपण आधीं विचारतों. स्टुडिओच्या बाबतींत मात्र कामाची चौकशी कोणी केली नाहीं. आमचा आक्षेप तो हाच.

त्या उत्तरेच्या कांचेचेंच घ्या. ही चाल युरोपांतली. पॅरिसच्या चित्रकाराच्या उत्तरेकडील खिडकींतून भर दिवसां ऊन आंत येत नाहीं. प्रकाश सारखा राहतो, आणि रंगांची पारख करण्यास तो बरा. पण सुरगाणा सुमारें साडेवीस अक्षांशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथें माध्यान्हीचा सूर्यच मुळीं किंचित् उत्तरेस असतो. सकाळ-संध्याकाळचें तिरपें ऊन तर उत्तरेच्या भिंतीवर सरळ येऊन पडतें. पावसाला सुरुवात होण्यापूर्वींच्या त्या दिवसांत कांचेमागें बसणाऱ्याचे रंग वाळतील आणि तोही वाळेल. हें ज्ञान शाळेंतल्या भूगोलाच्या पुस्तकांत आहे. त्यासाठीं पांच वर्षें वास्तुशास्त्र शिकावें लागत नाहीं.

आतां सुरगाण्याच्या बाजूस खरोखर काय घडविलें जातें तें पाहूं. या डोंगरपट्टींत, तसेंच मोखाडा-जव्हारकडे, बोहाडा होतो. उन्हाळ्याच्या रात्रीं संबळाच्या तालावर देवदेवतांचीं, राक्षसांचीं, पुराणांतल्या वीरांचीं सोंगें मुखवटे घालून नाचत येतात. हे मुखवटे कधीं लांकडाचे, कधीं कागदाच्या लगद्याचे. सोंग काढण्याचा मान अनेक ठिकाणीं ठराविक घराण्यांत चालत आलेला असतो, आणि मुखवट्याची पूजा होते. तो खुंटीवर टांगलेला शोभेचा जिन्नस नव्हे. हें काम करणाऱ्यास काय लागतें? कागद भिजवून कुटावयास पाणी आणि जागा लागते. ओला मुखवटा वाळवावयास उघडें अंगण लागतें. आणि सर्वांत मोठी गरज म्हणजे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या धो धो पावसांत तयार मुखवटे बुरशीपासून आणि वाळवीपासून राखील अशी कोरडी, हवेशीर, उंच जागा. घरांत चुलीच्या वरच्या माळ्यावर धूर लागून वस्तु टिकते, हें आमच्या आजीलाही ठाऊक होतें. बारा स्टुडिओंच्या त्या नकाशांत चूल नव्हती, माळा नव्हता आणि अंगणाच्या जागीं तळें होतें.

त्या तळ्याविषयीं आणखी दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. या तालुक्यांत पाऊस मुबलक पडतो आणि नार-पार यांसारख्या नद्यांतून पश्चिमेस वाहून जातो. उन्हाळ्यांत बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. डिसेंबर २०२२ मध्यें सीमेवरील कांहीं गांवांनीं रस्ते, पाणी, दवाखाना मिळत नसेल तर आम्हांस गुजरातेंत घाला, अशी उघड मागणी केली, ती वर्तमानपत्रांतून सर्वांनीं वाचली आहे. त्या तालुक्यांत आकाश पाहण्यासाठीं तळें! पावसाचें पाणी धरून ठेवणारी एक झांकलेली टांकी त्याच जागीं काढली असती, तर मुखवटेवाल्याचा लगदाही भिजला असता आणि शेजारणीचा हंडाही भरला असता. नकाशा तितका सुंदर दिसला नसता, हें खरें.

याच्या उलट बोलणारा एक पक्ष आहे, आणि तो आम्हांस अधिक घातक वाटतो. त्याचें म्हणणें असें कीं आदिवासींना स्टुडिओ हवाच कशाला. त्यांची कला कुडाच्या भिंतीवर आणि अंगणांत जन्मते, ती तशीच निर्मळ राहूं द्यावी. हें बोलणारे गृहस्थ स्वतः पंख्याखालीं बसून लिहितात. वारली चित्रांचा इतिहास त्यांनीं ध्यानांत घ्यावा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहिण्याचें काम परंपरेनें सुवासिनींचें. १९७० नंतरच्या दशकांत डहाणूकडे कागद पोहोंचला, आणि गंजाड गांवच्या जिव्या सोमा मशे यांनीं त्या कागदावर जें केलें त्याची कीर्ति देशोदेशीं गेली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेस आमचा नमस्कार आहे. परंतु भिंतीवरून कागदावर येतां येतां तें चित्र पुष्कळ अंशीं बायकांच्या हातून पुरुषांच्या हातीं गेलें, हेंही तितकेंच खरें. भिंत घरांत होती. कागद, रंग, गिऱ्हाईक आणि प्रदर्शन घराबाहेर होतें. म्हणजे कामाची जागा बदलली कीं काम कोणी करावयाचें तेंही बदलतें. जागा आंखणाऱ्याच्या पेन्सिलींत एवढी शक्ति असेल, तर कडीवाल्या बारा खोल्या मूल कडेवर असलेल्या, मधेंच भात ढवळून येणाऱ्या बाईस बाहेर ठेवतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. आणि ‘कांहींच बांधूं नका’ म्हणणाऱ्यांनीं ती बाई आज पावसाळ्यांत कोठें बसते तें एकदां जाऊन पाहावें.

मुंबईस १९५० नंतरच्या दशकांत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई यांच्या नांवाच्या संस्थेंत गायतोंडे, हुसेन यांच्यासारखे चित्रकार काम करीत. संगीत आणि नाटक यांचाही वावर त्याच छपराखालीं असे. तें मुळांत राहतें घर होतें, चित्रकारांसाठीं मुद्दाम आंखलेली वास्तु नव्हती. तरी तेथें काम झालें. कारण जागा काम करणाऱ्यांच्या हातीं होती आणि एकाची खटपट दुसऱ्याच्या दारावरून जात होती. सुरगाण्यास याहून फार निराळें कांहीं लागेल असें आम्हांस वाटत नाहीं. सामाईक पडवी, टांकी, कोरडा माळा, ओट्यापाशीं चूल, आणि शहरांतून पाहुणा आलाच तर त्याच पडवीच्या टोंकास त्याची एक खोली. पाहुण्यास उत्तरेची खिडकी द्यावयास आमची ना नाहीं; तिला वर चांगली रुंद वळचण असावी म्हणजे झालें.

निघतांना त्या विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें कीं, तूं सुरगाण्यास कितीदां गेलास? दोनदां, तो म्हणाला. एकदां जागा मोजावयास आणि एकदां छायाचित्रें घ्यावयास. दोन्ही वेळां जानेवारींत. मग थोडा वेळ आपल्या नकाशाकडे पाहत उभा राहिला आणि म्हणाला, “सर, बोहाडा कोणत्या महिन्यांत असतो?” आम्हीं सांगितलें कीं गांवागांवाची तिथि निराळी, तेथें जाऊनच विचार. विक्रीच्या दालनाच्या त्या चौकोनावर त्यानें पेन्सिलीनें हलकेंच एक प्रश्नचिन्ह काढलें.