नादारीचे दप्तर किती काळ उघडे असावे?

दिवाळे निघालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून बसे व त्यावरून घेणेकरी काय ते समजत, अशी पूर्वी चाल होती असे सांगतात. ‘दिवाळे’ हा शब्दही त्यावरूनच आला असे कित्येकांचे मत आहे. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तीतील तत्त्व खरे आहे. पत ही एकट्याची वस्तू नव्हे. ती दहा जणांच्या विश्वासावर उभी असते. सबब ती बुडाल्याचे त्या दहा जणांस कळावे, हे न्याय्यच होय. परंतु ते किती काळ कळत राहावे, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही.

मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी १९०९ साली आणि इतर मुलखासाठी १९२० साली नादारीचे कायदे झाले. दोहोंतही नादार ठरविल्याचा हुकूम सरकारी गॅझेटात छापावा असे आहे; शिवाय नादारीतून मुक्त न झालेल्या इसमाने आपली स्थिती न सांगता पन्नास रुपये वा अधिक रकमेची उधारी केल्यास तो गुन्हा ठरविला आहे. पण उधारीवर माल देणारा कोणता दुकानदार आधी गॅझेटाच्या फायली चाळतो? कागदोपत्री उघडे आणि व्यवहारात बंद, अशा दप्तराने सावकाराचे रक्षण होत नाही. इंग्लंडात असे नोंदपुस्तक कोणासही घरबसल्या फुकट पाहता येते. आपल्याकडेही तसेच असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, “एकदा बुडाला तो पुन्हा बुडवील; त्याचे नाव कायमच राहू द्या.” हे आम्हांस मान्य नाही. कोणी सट्ट्यात बुडतो, तर कोणी आजारपणाने किंवा भावास जामीन राहिल्याने. हा भेद खुद्द कायदाच ओळखतो. ज्याने हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत त्याची मुक्तता न्यायालय नाकारू शकते. उलट, नादारी केवळ दुर्दैवाने आली असा दाखला मुक्ततेबरोबर देऊही शकते. असा दाखला मिळालेल्या माणसाचे नाव जन्मभर फलकावर राहिले, तर मुक्तता मिळूनही उपयोग काय? त्यास ना भांडवल मिळेल, ना भाड्याने गाळा. इंग्लंडात मुक्ततेनंतर तीन महिन्यांनी नाव काढले जाते. जर्मनीत सरकारी नोंद सहा महिन्यांनी पुसली जाई, पण पतमापन करणारी खाजगी कंपनी तीच नोंद तीन वर्षे जपून ठेवी. युरोपीय न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी ही रीत बेकायदा ठरविली. मूळ वही मिटविली आणि नकला बाजारात फिरत राहिल्या, तर मिटविणे व्यर्थ होय.

आपल्या २०१६ च्या संहितेत व्यक्तींच्या नादारीचा स्वतंत्र भाग आहे. १ डिसेंबर २०१९ रोजी तो कंपन्यांस जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला. तो सर्वांस लागू करताना तीन गोष्टी कायद्यातच घालाव्यात. मुक्तता होईपर्यंत नोंद सर्वांस विनामूल्य खुली असावी; मुक्ततेनंतर ठराविक मुदतीत ती व तिच्या खाजगी नकलाही मिटाव्यात; आणि लबाडी सिद्ध झालेल्यास मात्र ही सवलत लवकर मिळू नये. सावध राहण्याचा सावकारास जितका हक्क आहे, तितकाच पुन्हा उभे राहण्याचा हक्क प्रामाणिक ऋणकोस आहे. व्यापाऱ्यांच्या संस्थांनी ही मागणी स्वतः पुढे मांडावी. कारण आज घेणेकरी असणारा उद्या देणेकरी होणारच नाही, असे कोणत्याही पेढीस सांगता येत नाही.